पायाळूची खोली

माठावर उपडा ठेवलेला पितळी गिलास एकदाच टण् करून वाजला.

तोवर घरात कसलाच आवाज नव्हता. दुपारी एकला लाईट गेली होती. कूलर बंद झाला की आमच्या भंडाऱ्याच्या या दोन खोल्यांत अशी शांतता पसरते, की भिंतीवरची पालसुद्धा विचार करून पाऊल टाकते. गुड्डी, माझी पाच वर्षांची मुलगी, फरशीवर ओलं लुगडं पसरून त्यावर झोपली होती. तिच्या बाजूला भिंतीला टेकून बायजामाय डुलक्या घेत होती. बायजामाय म्हणजे माझ्या माहेरची, अड्याळची म्हातारी सुईण. मला या जगात तिनेच आणलं. मी त्या दोघींच्या पायांशी बसून तांदूळ निवडत होते.

गिलास वाजला म्हणजे मागच्या दारातून वारा आत शिरला. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, चौथ्या दिवशी वारा आला तर बाकीचं भंडारा सुस्कारा टाकतं. मी मात्र हातातलं सूप खाली ठेवलं आणि आभाळ पाहायला उठले.

ऊन आम्हाला सोसतं. आमचे जन्मच त्यात गेले. पण तीन दिवसांपासून ढग येऊन नुसते बसून होते, आणि उमस अशी की घातलेले पापड वाळायच्या ऐवजी मऊ होत होते. मिठाच्या बरणीला पाणी सुटलं होतं. आगपेटीची काडी ओढली की गुल पेटायचा सोडून चिखलासारखा पुसला जायचा. गुड्डीच्या पाठीवर घामोळ्यांचं पीक आलं होतं. आमच्या घरमालकीण ललिताबाई सकाळी नळावर म्हणाल्या, "आंग असं चिकट झालं बाई, नवरा नुसता जवळून गेला तरी चिकटते. मंग सोडवता सोडवता दोघांचं भांडण." नळावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले, पण नजर वर होती. एवढी उमस म्हणजे आभाळ काहीतरी साठवून राहिलं आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्याइतकं आभाळाकडे कोणी पाहिलं नसेल.

कारण मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी आले. आमच्याकडे पायाळू माणसाबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. एक, कोणाच्या कमरेत चमक भरली तर पायाळूने टाचेने तीनदा लाथ मारली की ती उतरते. दुसरी, वीज त्याला ओळखते.

अड्याळला आभाळ भरून आलं की आधी माझ्या नावाने हाक पडायची. "तुळसा कुठं आहे? तुळसीले आत घ्या." घराच्या मधोमध, जिथून एकही खिडकी दिसत नाही अशा जागी, मला लाकडी पाटावर बसवायचे. भोवतालची भांडी उचलून दूर न्यायचे. आजी विजेचं ध्यान दुसरीकडे जावं म्हणून लोखंडाची पावशी अंगणात भिरकावून द्यायची. पाऊस थांबला की सगळं घर चिखलात वाकून ती पावशी शोधायचं, कारण तिच्यावाचून संध्याकाळची भाजी चिरायची कशाने? एकदा ती सापडली ती काकाच्या टाचेला. काकाने विजेला नाही, आजीला शिव्या दिल्या.

शेजारी फार प्रेमाने वागायचे, पण आभाळ निरभ्र असेतोवर. ढग आले की, "जाय वो बाई, तुझी माय वाट पाहून राहिली असेल," म्हणत मला फाटकापर्यंत पोचवायचे.

एकाहत्तर की बहात्तर सालचा वैशाख असेल, मी दहा-अकरा वर्षांची. शेजारच्या तुलारामच्या बहिणीच्या लग्नात दुपारची पंगत बसली होती. पहिला भात झाला आणि मांडवावर वावधन आलं. वावधन म्हणजे धूळ, वारा आणि गडगडाट एकदमच. मांडवाचा एक कोपरा उडाला. पंगत उठली नाही, पण मी पाहत होते, माझ्या डावीकडची माणसं बसल्या बसल्या डावीकडे सरकली, उजवीकडची उजवीकडे. पत्रावळीसकट सरकली. दोन मिनिटांत मधल्या आठ हात जागेत मी एकटी आणि माझी पत्रावळ. वाढपी परसराम बुंदीचे लाडू घेऊन आला तो त्या जागेच्या काठाशी थबकला. जवळ येईना आणि न वाढता पुढे जायचीही त्याला लाज वाटत होती. शेवटी त्याने दुरूनच लाडू फेकला. पहिला वरणात पडला. दुसरा मी झेलला. लोक हसत होते, मी पण हसत होते, आणि माझे दात हसताना एकमेकांवर आपटत होते. त्या दिवशी मी सात लाडू खाल्ले. एकाचीही चव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबरठ्यावर डोमाजी पालथे पडले होते. पंगतीत माझ्या उजवीकडे होते ते. माझ्यापासून सरकता सरकता त्यांच्या कमरेत चमक भरली होती. "मार वो पोरी," ते जमिनीशीच बोलले, "जरा सांभाळून मार." मी तीनदा टाच मारली. जाताना त्यांनी ओंजळभर रानातली टेंभरं दिली आणि आभाळाकडे एकदा पाहून लगबगीने गेले.

त्या सगळ्या दिवसांत एक माणूस मात्र कधी सरकलं नाही. माझी माय. विजा चमकायला लागल्या की ती माझ्या पाटाला आपला पाट लावायची आणि मला कुशीत घेऊन बसायची. तिच्या लुगड्याला धुराचा आणि मोहफुलांचा वास यायचा. आजी ओरडायची, "देवके, दोघी जाल." माय माझे कान दोन्ही हातांनी झाकून धरायची.

माझं लग्नही पायामुळेच जमलं. सानगडीहून चंद्रभागाबाई मुलासाठी मला पाहायला आल्या, त्या एसटीतून उतरल्या त्याच कमरेवर हात ठेवून. रस्त्याच्या गचक्यांनी त्यांना चमक भरली होती. कोणीतरी बोलून गेलं, पोरगी पायाळू आहे. मग पोहे राहिले, नाव-गाव राहिलं, शिवण येते का, वाचता येते का, सगळं राहिलं. बाई ओसरीत पालथ्या झाल्या. मी नऊवारी सावरून होणाऱ्या सासूला तीन लाथा मारल्या. त्या उठल्या नाहीत, तशाच पडून म्हणाल्या, "पोरगी पसंत आहे." सासूला लाथ मारून लग्न जमलेली अख्ख्या साकोली तालुक्यात मी एकटीच असेन. माझ्या नवऱ्याला हे आठवलं की अजून जेवताना ठसका लागतो.

गुड्डी झाली तेव्हा शुद्धीवर आल्याबरोबर मी नर्सला पहिलं विचारलं, "आधी काय आलं?" तिला वाटलं मी मुलगा की मुलगी विचारते. ती म्हणाली, मुलगी. मी म्हटलं, "ते नाही, डोकं आलं की पाय?" ती हसली. "डोकं आलं बाई. सगळ्यांचं येतं तसं." मी इतकी रडले की बाजूच्या खाटेवरच्या बाईने मुलगी झाल्याचं दुःख समजून माझी समजूत काढली.

पण ती सुटली म्हणून मी सुटले नव्हते. गुड्डी दोन महिन्यांची असताना असंच आभाळ गरजलं. ती माझ्या अंगावर पीत होती. सासूबाई उठल्या, त्यांनी पोरगी माझ्या मांडीवरून उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "तू आतच बस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. खरं तर त्यांनी उचलली नसती तर मीच दिली असती. माय माझ्याजवळ बसायची तेव्हा धोका मायला होता. मी गुड्डीजवळ बसले तर धोका गुड्डीला. भिंतीपलीकडे ती दुधासाठी रडत होती आणि इकडे माझं पोलकं भिजत होतं.

तेव्हापासून आमच्या घराचा नियम ठरला. आभाळ गरजलं की सासूबाई आणि गुड्डी बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मधलं दार लोटलेलं. प्रत्येक गडगडाटानंतर सासूबाई हजेरी घ्यायच्या. "तुळसे, आहेस का?" मी म्हणायची, "आहे." पुढे बोलायला शिकल्यावर हे काम गुड्डीने घेतलं. शाळेतल्या बाईंसारखं ती विचारायची, "आई, आहेस का?" मी म्हणायची, "आहे." एकदा तिने मला सांगितलं, "आई, तू स्वयंपाकघरात गेली की वीज येते. तू जात नको जाऊ." तिच्या हिशेबाने वीज मीच आणत होते. तसं पाहिलं तर सगळ्या गावाच्याच हिशेबाने.

तर त्या दिवशी सासूबाई आणि 'हे' सानगडीला लग्नाला गेलेले, उद्या येणार होते. बायजामाय सकाळी इथल्या दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू अजून पिकला नाही, दिवाळीनंतर या. परतीची एसटी चुकली म्हणून ती आमच्याकडे आली. "आंबा पाल्यात घातला तं आठ दिवसांत पिकते," ती म्हणत होती, "माह्या डोळ्यातला मोती दोन वर्षांपासून कच्चाच."

मी मागच्या दारातून पाहिलं. वैनगंगेच्या बाजूने आभाळ काळं नव्हतं, तांबूस-पिवळं झालं होतं, जुन्या पितळेसारखं. वाळत घातलेले कपडे ओढून आणले. तेवढ्यात धूळ आली. ललिताबाईंच्या छपरावरचा टिनाचा पत्रा आधी हळूच आणि मग एकदम वाजू लागला. अंगणातलं आंब्याचं झाड इकडून तिकडे झुकायला लागलं, आणि पहिली वीज चमकली.

गुड्डी उठून बसली होती. मी तिला उचलून बायजामायच्या मांडीजवळ ठेवलं. "बायजामाय, हिले धरून बस. सोडू नको," म्हटलं, आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं. चुलीपासून, भांड्यांपासून, खिडकीपासून दूर, तांदळाच्या पोत्याला टेकून बसले. पंचवीस वर्षांची बाई मी, एका लेकराची आई. गुडघे छातीशी घेऊन अशी बसले होते, जशी त्या पाटावर बसायची.

गडगडाट झाला. पलीकडून आवाज आला, "आई, आहेस का?"

"आहे."

मग बायजामायचा आवाज. "तुळसे, चुलीपाशी काय करून राहिली तू? इकडं ये. पोट्टी भेली ना."

"मी इथंच बरी आहे. तुले तं माहीत आहे, बायजामाय. तूच तं काढलं मले."

"म्हणूनच सांगून राहिली. मले माहीत आहे म्हणूनच."

पुन्हा गडगडाट. "आई, आहेस का?" "आहे." गुड्डीच्या आवाजाला आता कापरं होतं, आणि मधेच एक हुंदका.

"तू पायाळू नाही वो," बायजामाय म्हणाली.

मला वाटलं, पत्र्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणतं?"

"तू पायाळू नाही म्हणतो. डोस्क्यानंच आली होती तू, साऱ्याइसारखी. चांगलं केसानं भरलेलं डोस्कं." ती थांबली. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर खडे फेकल्यासारखे पडायला लागले, म्हणून ती आवाज चढवून बोलू लागली. "तुझ्या मायची तिसरी पोरगी तू. मी आतून आवाज दिला, पोरगी झाली. बाहेर तुझी आजी बसली होती, ते उठलीच नाही. गरम पानी मांगो तं पानी नाही. चिंधी मांगो तं चिंधी नाही. तुझी माय निपचित पडलेली. तू रडून रडून निळी पडून राहिली होती. मी काय करू? बुढीची कंबर सालभरापासून धरली होती, ते मले माहीत. मी ओरडली, बाप्पा, पायाळू आहे वो. अशी धावत आली बुढी, पान्याचा गंज घेऊन, कमरेवरचा हात सोडून. तूप आनलं, लुगडं फाडलं. तुझ्या तोंडात मधाचं बोट तिनंच घातलं."

मी पोत्याला टेकूनच होते.

"आणि इतक्या लोकांच्या चमका उतरल्या, त्या?"

"चमक तीन दिवसांत आपल्या मनानं उतरते, माय. पहिल्या दिवशी शेकून पाहत. दुसऱ्या दिवशी तेल. तिसऱ्या दिवशी तुझ्याकडं येत. कधी पहिल्या दिवशी आला का कोनी?"

डोमाजी तिसऱ्या दिवशी आले होते. पण सासूबाई एसटीतून उतरल्या उतरल्या... मग आठवलं, मला पाहून घरी परतल्यावर आठ दिवस त्यांची कंबर शेकत होते, असं 'हे' सांगायचे. म्हणजे लाथांनी काही उतरलंच नव्हतं.

"माझ्या मायले माहीत होतं?" मी विचारलं. माय जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तिले कुठं शुद्ध होती. तिलेही मी पायाळूच सांगतलं. मरेपर्यंत तिले तेच माहीत."

म्हणजे माय जेव्हा पाटाला पाट लावून बसायची, तेव्हा वीज पडणारच असं समजून बसायची. मला एकदम त्या लुगड्याचा वास आला. मग मनात दुसरंच आलं, आणि ते पहिल्यापेक्षा भीतीचं होतं. एक बाई एका रडणाऱ्या पोरीसाठी सहज खोटं बोलू शकते, हे आत्ता तिनेच सांगितलं. आणि दारापलीकडे आत्ताही एक पोरगी रडतच होती.

"बायजामाय, तू तेव्हा खोटं बोलली, का आता बोलून राहिली?"

"दोन्ही वेळा पोरगीच रडून राहिली होती न वो," ती म्हणाली.

हे काही उत्तर नव्हतं. मी उठून दाराच्या कडीवर हात ठेवला. कडी लोखंडाची, थंडगार. उघडून चार पावलं टाकली की गुड्डी. तिला मांडीवर घ्यायचं, कान झाकायचे. इतकंच तर होतं. पण म्हातारीने मला आत्ता वाचवायला थाप मारली असेल तर? पंचवीस वर्षं ज्या गोष्टीने मला पाटावर बसवलं, ती एका वाक्यात उठून जाईल कशी? माझे पाय जागचे हलेनात. पायाळूचे पाय.

वीज चमकली. खिडकीच्या फटीतून सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं. गडगडाट झाला, इतका जवळ की माठावरचा गिलास खाली पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला.

मी "आहे" म्हणायला तोंड उघडून थांबले. पलीकडून कोणी विचारलंच नव्हतं.

"गुड्डे?"

काही नाही.

"बायजामाय, गुड्डी?"

"आहे न माझ्याजवळ. हे पहा, धरून बसली मी तिले," बायजामाय म्हणाली.

मी दार ढकललं. बायजामायच्या घट्ट मुठीत ओल्या लुगड्याचा पदर होता. गुड्डी नव्हती. बाहेरचं दार सताड उघडं होतं, आणि अंगणात आंब्याखाली माझी मुलगी फ्रॉकची ओंजळ करून पडलेले आंबे वेचत होती. पाऊस तिच्या पाठीवर आडवा पडत होता. तिने मला पाहिलं आणि हसून ओरडली, "आई, तू पायाळू नाही ना. मंग वीज नाही येत आता."

तिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकून जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. ओसरीची पायरी आठवत नाही. मी पायाळू की नाही, म्हातारी खरं बोलली की खोटं, हे सगळं मागे त्या पोत्यापाशीच राहिलं. पायाखाली चिखल होता, एक आंबा टाचेखाली फुटला, तेवढं आठवतं. मी गुड्डीला फ्रॉकसकट, आंब्यांसकट उचललं आणि झाडाखालून ओढून काढलं. फाटकाशी घसरले. दोघी चिखलात पडलो. मी तिच्यावर पालथी झाले आणि माझ्या दोन्ही हातांनी तिचे कान झाकले.

तेव्हा वीज पडली. आवाज आधी आला की उजेड, सांगता येणार नाही. डोळे मिटलेले असूनही मला गुड्डीच्या मानेवरची एकेक घामोळी दिसली. मग जळक्या सालीचा वास आला. मी वाट पाहत राहिले. आपण मेलो असलो तर किती वेळाने कळतं, ते मला माहीत नव्हतं. माझ्या पोटाखालून गुड्डी म्हणाली, "आई, आंबा टोचून राहिला."

शाळेच्या मैदानापलीकडचं मोहाचं झाड मधोमध फाटलं होतं. आमच्या फाटकापासून दीडशे-दोनशे पावलं.

आत आलो तेव्हा बायजामाय उंबरठ्याशी उभी होती, हात पुढे करून चाचपडत. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती पावसात गेली नव्हती. तिने आधी गुड्डीचं डोकं चाचपलं, मग माझं, मग माझे पाय. चिखलाने भरलेले पाय तिने बराच वेळ धरून ठेवले.

"ओळखलं का तिनं तुले?" तिने विचारलं.

वीज दोनशे पावलांवरून चुकली होती की तिची माझी कधी ओळखच नव्हती, ते मला कळलं नाही. मी मान हलवली. बायजामायला ते दिसलं नाही.

पाऊस जसा आला तसा गेला. छपरावरून टपटप पाणी गळत राहिलं आणि तासाभरात पुन्हा तीच उमस, वर ओल्या मातीची वाफ. ललिताबाई कुंपणावरून ओरडून विचारत होत्या, आमचा पत्रा तुमच्याकडं आला का. मी गुड्डीला अंघोळ घातली, कोरडा फ्रॉक चढवला, आणि बाहेरच्या खोलीत मांडीवर घेऊन तिचे केस पुसत बसले. माझं लक्ष अजून आभाळाकडे होतं, म्हणून पंचा तिच्या डोळ्यांत जात होता. तिने वेचलेले पाच आंबे रांगेत मांडून ठेवले होते. एक चेपलेला होता, तो तिने बायजामायला दिला.

दूर, नदीपलीकडे, आभाळ अजून गुरगुरत होतं. गुड्डीने माझ्या मांडीत मान वर करून, सवयीने, विचारलं, "आई, आहेस का?"

"आहे."

बायजामाय आंबा चाचपत हळूच म्हणाली, "तुळसे, चंद्रभागाबाईले नको सांगू वो. पायाळू पाहूनच नेलं तिनं तुले. माझ्या एका बोलानं तू जगली. आता माझ्याच बोलानं तुझ्या घरात कालवाकालव नको."

सासूबाई पाच वर्षं मनापासून भिंतीपलीकडून हजेरी घेत आल्या होत्या. त्यांना काय सांगू, आणि त्या तरी काय मानतील? मला स्वतःलाच अजून कोणतं खोटं खरं ते ठाऊक नव्हतं. पुन्हा गडगडलं, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली, स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर गेली. गुड्डीने ते पाहिलं. तिने माझा पदर आपल्या मुठीत गुंडाळला, बायजामायने ओलं लुगडं धरलं होतं तसा, घट्ट.

"आई," ती म्हणाली, "उद्या आजी येईन ना? मंग वीज आली तं तू कोणत्या खोलीत बसशीन?"